तरंगलेली टाकी

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. कुणाच्या हाती हे पान लागलंच तर सांभाळून घ्यावं. चौथीनंतर पेन हातात आलं ते दुधाचा हिशेब लिहिण्यापुरतं. पण ती दुपार मला अजून स्वप्नात दिसते आणि उजाडलं की विरून जाते, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या कडाव गावात पावसाळ्यात पाणी अंगणापर्यंत येतं आणि वैशाखात म्हशींना हंडाभर मिळत नाही. म्हणून गोठ्याच्या पत्र्यावरचं पाणी साठवायला जमिनीत सिमेंटची चौकोनी टाकी बांधायची ठरली. पैसे बचत गटातून घेतले. आम्ही बारा बायका. एकीचं कर्ज बुडालं तर बाकीच्यांनी भरायचं. मी बैठकीत कधी तोंड उघडत नसे, सही करून भिंतीला टेकून बसायचे. टाकी माझ्या दारात होती खरी, पण त्या सगळ्यांनी दूध विकून साठवलेले पैसे त्यात होते, हे मला झोपेतही आठवायचं.

नकाशा काढणाऱ्या इंजिनिअर मॅडम कर्जतहून यायच्या. मी चहा घेऊन गेले की हाताला धरून सळया दाखवायच्या. भरलेली टाकी पाण्याने आतून बाहेर ढकलली जाते, रिकामी असली की माती बाहेरून आत ढकलते. म्हणून भिंतीत सळयांच्या जाळ्या दोन. खाली जोर जास्त, म्हणून तिथे सळया दाट. कोपऱ्यात सळई वाकवून शेजारच्या भिंतीत नेलेली, जशी बोटांत बोटं अडकवतो तशी. तळाचं काँक्रीट भिंतींच्या बाहेर हातभर काढलं होतं.

"या कडेवर माती बसेल आणि टाकीला धरून ठेवेल," मॅडम म्हणाल्या. "माती भरेपर्यंत आत पाणी राहू द्या."

माती टाकीला धरून ठेवते, हे मला फार आवडलं. टाकी कुठे जाणार आहे, हे मात्र मी लाजून विचारलं नाही.

खड्ड्यातली माती चिकण निघाली. आमच्याकडे कुणी माती मागितली तर नाही म्हणत नाहीत. गटातल्याच बायकांनी आपापल्या शेताच्या बांधांना घमेल्याने नेली. टाकीभोवतीचा चर उघडाच राहिला. भात कापल्यावर भरू, म्हटलं.

टाकी भरून पाहिली, कुठेही ओल आली नाही. पण श्रावणात सासूबाईंनी त्या पाण्याची चव घेतली आणि थुंकून टाकलं.

"सिमिटाचं पानी हाय हे. नव्या माठाचं पयलं पानी कुनी पितं का गं? उपसून टाक, आतून घासून काढ."

मलाही ते बरोबरच वाटलं. नवा माठ मीही तसाच धुते. पंप लावून टाकी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी नवरा शिळफाट्याच्या पुढे कारखान्यात पाळीवर गेलेला, वीजही गेलेली. मी काथ्या घेऊन शिडीने आत उतरले.

आत किती शांत होतं! वर आभाळाचा चौकोन, त्यातून ढग सावकाश सरकत होते. बाहेर शेतं काठोकाठ भरलेली, चर तुडुंब. मी गुणगुणले तर चारी भिंती माझ्याबरोबर गुणगुणल्या. घरात मी कधी गात नाही. घासता घासता वाटलं, पाळण्यात बसले आहे. पायाखालचा तळ हलकेच एका बाजूला झुकला, मग परत आला. मला वाटलं ढगांकडे बघून चक्कर आली. मी भिंतीला हात टेकला. भिंतही हलत होती.

शिडी चढून वर आले. पत्र्यावरून येणारा पाइप टाकीच्या काठावर टेकलेला असायचा, तो काठाने वर उचलून वाकवला होता. तेव्हा कळलं, माती टाकीला कशासाठी धरते ते.

"अगं बया, ही तर होडी झाली!" सासूबाई खालीच बसल्या.

मी गोठ्याकडे धावले. दुधाचा रिकामा कॅन उचलला आणि पळीने बडवत सुटले. बायका आपापले कॅन घेऊन धावत आल्या. "दुधाचा टेंपो लवकर आला का गं आज?" आणि टाकी बघून थबकल्या.

"येवढं सिमिट खाऊन तरंगतेय ही? माझा नवरा दोन घोटांत बुडतो!" एक म्हणाली.

कुणी हसलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"चरातलं पाणी उपसून आत ओता," मी म्हणाले. एवढ्या बायकांपुढे माझं पहिलंच वाक्य.

हंडे, कळश्या, दुधाचे कॅन, जे मिळेल त्याने बाहेरचं पाणी आत गेलं. पाऊस पडत होता, आम्ही ओतत होतो. दिवेलागणीच्या सुमारास पाइप सरळ होऊन पुन्हा काठावर टेकला.

सकाळी मॅडम आल्या आणि त्यांनी कोपरे हाताने चाचपले. चीर कुठेच नव्हती. गोठ्याकडचा कोपरा मात्र दोन बोटं वर राहिला, खाली गाळ शिरला होता. "राहू दे. तिथे तळाखाली पातळ कालवलेलं सिमेंट भरून घेऊ," त्या म्हणाल्या. माठाचं ऐकून त्यांना हसू आवरेना.

भात कापल्यावर बायका घमेल्यांतून माती घेऊन आल्या. "घे बाई तुझी माती, नायतर मुंबईला जाशील टाकीत बसून." चर भरला, धुमसाने ठोकून घट्ट केला.

उन्हाळ्यात मी दुपारची टाकीच्या काठावर बसते. पाणी सरळ असतं, भिंत तिरकी, म्हणून ओलीची रेघ एका टोकाला खाली उतरलेली दिसते. बघता बघता अजून डुलल्यासारखं होतं. त्या पाण्यावर म्हशी वैशाखातही आटल्या नाहीत, आणि दुधातून हप्ते जात राहिले.

परवा गटाच्या बैठकीत मी भिंतीला न टेकता, मधोमध बसले आणि शेवटचा हप्ता अध्यक्षीणबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि म्हणाल्या, "फिटलं गं सगळं."