पान ताईचा निरोप

आमच्या हॉटेलातले नळ, गिझर, लिफ्ट आणि खोल्याखोल्यांत टॉवेल पोचवणारा तो चाकांचा यंत्रमानव, ही सगळी माझी पोरं. त्यांचं दुखलंखुपलं बघायला मी, म्हणजे दोंग. आणि माणसांचं दुखलंखुपलं बघायला काउंटरवर पान ग्वेलान. आमची साखळी मोठी आहे, चीनभर गावोगावी हॉटेलं आहेत, सगळीकडे तीच उशी, तोच पडदा, तोच वास. जंगजौमधलं हे हॉटेल मात्र सावत्र लेकरासारखं आहे, कारण रस्त्यापलीकडे ते अवाढव्य इस्पितळ. अख्ख्या प्रांतातले आजारी तिथे येतात आणि त्यांची माणसं आमच्याकडे उतरतात.

लॉबीत कॉफीचं यंत्र ठेवलंय, त्याला कुणी हात लावत नाही. सगळे गरम पाण्याचा नळ शोधत येतात. केटलीत पेज शिजवतात, केटली जळते, मला बोलावतात. बेसिनमध्ये डबे घासतात, भात अडकतो, पुन्हा मला बोलावतात. मी चिडतो, पण तोंडातल्या तोंडात. ज्याची बायको समोरच्या इमारतीत पडली आहे, त्याला बेसिनवरून काय बोलणार?

पान ताई पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर मी पाना हातातून टाकावा. कापडगिरणीच्या वसाहतीत जन्मली. गिरणी बंद पडल्यावर शहर बसमध्ये कंडक्टर झाली. पुढे बसमध्ये पैसे टाकायची पेटी बसवली आणि कंडक्टर खाली उतरले. ती आमच्याकडे आली, आवाजही बरोबर घेऊन आली. तिचा नवरा टॅक्सी चालवतो आणि घरी गप्प बसतो. बोलायला वाव कुठे आहे बिचाऱ्याला!

इस्पितळाच्या या गल्लीत एक रीत आहे. फळवाला असो, औषधवाला असो, की केस गळलेल्यांसाठी टोप विकणारी बाई, गिऱ्हाइकाला कुणी ‘परत या’ म्हणत नाही. ज्याच्या घरचं माणूस खाटेवर आहे त्याला परत बोलावणं म्हणजे शापच. ‘सावकाश जा’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. पान ताईचा विषय मात्र तेवढ्यावर संपत नसे. पावती हातात ठेवली की ती कमरेवर हात घेई. “झालं ना सगळं? मग निघा. आणि ऐका, जंगजौला आलात तर बागेत फिरा, हूलाथांगचं तिखट सूप प्या, काय वाटेल ते करा. पण या दारात परत तोंड दाखवलंत तर झाडू घेऊन मागे लागेन!”

कितीतरी दिवसांत न हसलेली माणसं तिथे हसायची. पोरं बापाला कोपरानं ढोसायची, “ऐकलंत ना बाबा? आता यायचं नाही.” काही जण पावती घेऊनही उभेच राहत, कारण ताई फोनवर असली तर झाडूचं वाक्य राहून गेलेलं असे. तपासणीसाठी कुणी पुन्हा आलाच, तर ती कपाळाला हात लावे. “आलात का परत? लाज नाही ना?” आणि मग त्याला लिफ्टजवळची, कमी चालावी लागेल अशी खोली देई.

आजकाल पाहुणा गेला की मोबाईलवर हॉटेलला गुण देतो. आमच्याबद्दल लोक लिहीत, ‘उशी बसकी. गरम पाणी येत नाही.’ (येतं. नळ उलटा फिरवला असणार.) ‘काउंटरवरची बाई धमक्या देऊन हाकलते. फार बरं वाटलं.’

घोळ झाला तो एका विक्रेत्यामुळे. माणूस आला होता इस्पितळाला यंत्रं विकायला. हातात इस्पितळाचं नाव छापलेली, एक्स-रेच्या फिल्म ठेवतात ती मोठी पिशवी, तोंड उतरलेलं. सौदा फिसकटला असेल. ताईनं एका नजरेत ठरवलं की याच्या घरी कुणीतरी आजारी आहे. निघताना तिनं त्याला दुप्पट मायेनं झापलं. “परत दिसलात तर तंगडी मोडीन!” तो तडक निघाला आणि स्टेशनवर पोचायच्या आत त्यानं लिहिलं, ‘आयुष्यात असा अपमान झाला नव्हता. पाहुण्याला तंगडी मोडायची धमकी!’ आणि एक तारा.

त्या तक्रारीवरून वरच्या कचेरीतून शाव साहेब आले. सगळ्या विभागाची हॉटेलं त्यांच्याकडे. तरणा माणूस, कडक इस्त्रीचा, वाईट नव्हता, पण इस्पितळासमोर कधी राहिला नव्हता.

“पान ताई, कंपनीचं निरोपाचं वाक्य ठरलेलं आहे. ‘पुन्हा या, आम्ही आपली वाट पाहू.’ सगळ्या हॉटेलांत हेच म्हणतात.”

“सगळ्या हॉटेलांसमोर इस्पितळ आहे का, साहेब?”

“नियम समोर काय आहे ते बघून बदलत नाहीत.”

“मग ‘सावकाश जा’ एवढंच म्हणते. झाडूबिडू काढत नाही.”

“ठरलेलं वाक्य. मी इथेच थांबणार आहे. आणखी एकदा चूक झाली तर तुम्हाला काउंटरवर ठेवता येणार नाही.”

काउंटर म्हणजे तिचा जीव होता. घरी मुका नवरा, मुलगा दक्षिणेत कारखान्यात. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं, भांडणं, त्यांच्या डब्यात काय आहे ते विचारणं, एवढ्यावर तर ती जगत होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, “ताई, पोपटासारखं म्हणून टाक. ओठांनी म्हण, मनात उलटं म्हण.”

“तुमचं बरं आहे, दोंगभाऊ. नळाला काय म्हटलं तरी लागत नाही.”

पण तिनं म्हटलं. साहेब सोफ्यावर बसलेले, आणि ताई माशाचा काटा घशात अडकल्यासारखी एकेकाला ‘पुन्हा या’ म्हणत होती. लोक दचकत. एक बाई तर बॅग ओढत अक्षरशः पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वांगकाका आणि काकू निघायला म्हणून खाली आले. झोऊखौकडच्या खेड्यातलं जोडपं. काकूंच्या रक्ताचं काहीतरी दुखणं होतं, वर्षभर येऊनजाऊन होते. काका दर खेपेला ताईसाठी घरच्या लसणाची जुडी आणत आणि ताई दर खेपेला झाडू दाखवी. मी तेव्हा लॉबीतल्या सरकत्या दाराला तेल देत होतो.

“निघालात काका?” ताईनं विचारलं.

“निघालो बाई. डॉक्टर म्हणाले, आता हिला परत आणायची गरज नाही.”

डॉक्टर असं दोन तऱ्हेच्या रोग्यांना सांगतात. जो बरा झाला त्याला, आणि ज्याच्यापुढे त्यांनी हात टेकले त्याला. यातलं कोणतं, हे आमच्या काउंटरवर कुणी विचारत नाही. काकूंनी टोपी कानापर्यंत ओढली होती. तोंडावरून काही कळत नव्हतं. दोघं ताईकडे बघत उभी राहिली, कशासाठी ते मला कळत होतं.

सोफ्यावर साहेबांनी मान वर केली. ताईनं पावती दिली, खाली बघितलं आणि म्हणाली, “पुन्हा या. आम्ही आपली वाट पाहू.”

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. काका म्हणाले, “असं का म्हणालीस गं पोरी?” रागानं नाही. लहान मूल विचारतं तसं.

ताई काउंटरला वळसा घालून धावत बाहेर आली. “थू थू थू! माझी जीभ झडो!” असलं काही तोंडून गेलं तर तीनदा थुंकायचं आणि लाकडाला हात लावायचा, हे कुणालाही ठाऊक असतं. पण आमच्या लॉबीत खरं लाकूड औषधालाही नाही. काउंटर दगडाचा, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, दारसुद्धा लाकडाचं सोंग घेतलेलं. तिनं माझ्या पेटीतला हातोडा उचलला, त्याच्या लाकडी दांड्यावर बोटं वाजवली, मग काकूंचा हात धरून दांड्यावर आपटला, काकांचाही. आणि सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशी कडाडली, “खबरदार परत आलात तर! तंगड्या मोडीन दोघांच्या! माझ्या डोळ्यांसमोर नकोत तुमची तोंडं, कळलं?”

काकू हसल्या. रडतच हसल्या. काकांनी लसणाची जुडी काउंटरवर ठेवली आणि काकूंना धरून हळूहळू बाहेर नेलं. मीसुद्धा डोळे पुसले, तेलाच्या हातांनी. चष्मा खराब झाला.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. त्याच दुपारी ताईची बदली तळघरातल्या धुलाई खोलीत झाली. काउंटरवर आता एक गोड आवाजाची मुलगी आहे, ठरलेलं वाक्य छान म्हणते. पहिले काही दिवस ताई कुणाशी बोललीच नाही. चादरी घालायची, चादरी काढायची.

मग जुने पाहुणे विचारत खाली यायला लागले. बॅगा, डबे, फिल्मच्या पिशव्या घेऊन धुलाईच्या दारात उभे राहायचे. “ताई, निघालो आम्ही.” ती वाफेतून ओरडायची, “मग उभे काय राहिलात? चालते व्हा!” साहेबांच्या कानावर हे गेलंच असणार. त्यांनी काही केलं नाही. आमचे गुण वाढत होते.

इस्त्रीचं यंत्र बघायला मी खाली गेलो की ती एकच विचारते, “वर कुणी आलं होतं का, ओळखीचं?” कुणाबद्दल विचारते ते ती सांगत नाही. मी नाही म्हणतो. तेवढ्यानं तिचा चेहरा उजळतो.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, “काकांचा नंबर आहे वर काउंटरवर. फोन करून विचारू का, कशा आहेत काकू?”

“खबरदार!” ती म्हणाली. डोळे भरून आले होते, तिनं लपवले नाहीत. “आल्या नाहीत ना? बऱ्या झाल्या म्हणून आल्या नाहीत. धरा ते चादरीचं टोक.”

मी टोक धरलं. काकू बऱ्या झाल्याच असणार. दुसरं काही मानायची माझीही तयारी नाही.