चिझुरूचं पान

चिझुरूला ओसाकाला नेण्याची कल्पना माझी, आणि त्यासाठी लागलेलं खोटंही माझंच. हे आधीच सांगून टाकते.

आम्ही दोघी गावातल्या संत्र्यांच्या शेडमध्ये शेजारी शेजारी बसून फळं निवडतो. वीस वर्षं झाली. चिझुरू खाण्याची भलती शौकीन. पण तीन वर्षांपूर्वी तिच्या सासूला, तोवाआजीला, अर्धांगवायू झाला आणि नीट गिळता येईना. नुसती पेज. तेव्हापासून ही बाई स्वयंपाकघरात उभ्यानं जेवते. मुळ्याचं लोणचंसुद्धा चघळून मऊ करते, कुरकुर पलीकडच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

मला ते बघवेना. हंगाम संपत आला तशी मी खोक्याचा पुठ्ठा फाडून यादीच मांडली. दोन दिवस, सात जेवणं.

"आधी ऑक्टोपसचे गोळे," मी म्हटलं.

"छे! गोळ्यांनी पोट भरलं की संपलंच. आधी उदोनचा, त्या जाड शेवयांचा वाडगा. आणि वाम माशाचा भात दुपारी हं, काडीला खोचून तळलेले तुकडे संध्याकाळी."

"अगं, पोट एकच आहे ना तुला?"

ती हसली आणि एकदम तिनं पुठ्ठा उलटा केला. "आईंना काय सांगू? तुम्ही पेज प्या, मी खायला चालले?"

"माझ्या आत्याचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे, मला सोबत हवी, असं सांग."

"तुझी आत्या तर ठणठणीत आहे!"

"ते तुझ्या सासूला कोण सांगायला जातंय?"

चिझुरूची नणंद दोन दिवस आईजवळ राहायला आली आणि आम्ही निघालो. पहिल्या वाडग्यापाशी चिझुरूचे डोळे भरले. मग तिनं सगळं खाल्लं. घास घशात अडकला वगैरे काही नाही. सगळं फार चवदार होतं.

परत आलो तर तोवाआजीच्या उशाशी छोटं ताट. झाकलेला भात, भाजलेला मासा, समोर चिझुरूचं रिकामं आसन. घरातलं माणूस परगावी गेलं की त्याचं पान मांडायचं, म्हणजे ते वाटेत उपाशी राहत नाही. हल्ली कोण करतं?

"तिन्ही वेळा मांडायला लावलं, वहिनी," नणंद म्हणाली. "माशाच्या वासानं आईच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण ताट हलवू देईना."

"श्राद्धाचं जेवण..." तोवाआजी अडखळत म्हणाली, "नुसता भाजीपाला. तुझं कुठं भरतंय त्यानं? बस. खा."

खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. चिझुरूनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. 

"खाते, आई," ती म्हणाली. सात जेवणं अजून पोटात होती. गार भात तिनं शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. म्हातारी एकेक घास बघत होती, आणि तिचेही ओठ हलत होते.

मला आत जायची लाज वाटत होती, आणि पाठ फिरवायचीही. भात संपेपर्यंत मी दारातच उभी राहिले.