आगेराच्या आधीचा माठ

व्हॅलेन्सिया मिस्किटा बाई आमच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेतात. शाळा गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या चढावर. बाई राहतात मरोळच्या गावठाणात. त्यांच्या आजोबांची तिथे भातशेती होती. आता त्या जागी इमारती आहेत. मी शाळेच्या कार्यालयात काम करतो. खिडकी मागच्या मोकळ्या जागेवर उघडते, त्यामुळे यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. उरलेलं बाईंनी आणि मालनताईंनी सांगितलं.

शाळेत दुपारी खिचडी मिळते. मुलं त्यातली भाजी वेचून ताटाच्या कडेला लावतात. बाईंच्या वर्गातली श्रुतिका तर पालकाचा कणही नखाने काढून टाकायची. "कचरा आहे तो," म्हणायची. आरोग्य तपासणीत तिचं रक्त फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या उलटून पडत. प्रार्थनेला उभं राहिलं की ती दोनदोनदा खाली बसायची. तिची आई मालनताई चार घरची धुणीभांडी करते. मूळची कणकवलीकडची. बाईंकडे येऊन ती म्हणाली, की मारून झालं, लाडाने झालं, आता तुम्हीच बघा.

बाईंनी मागची जागा मुख्याध्यापकांकडून मागून घेतली. स्वातंत्र्यदिन झाला आणि मुलांनी वाफे केले. एकेका वाफ्यावर चौघं. पेरला लाल माठ. पान कशाला हवं, रक्त कशाने वाढतं, हे बाई वाफ्याशी बसूनच शिकवायच्या. अनय नावाचा एक वात्रट मुलगा श्रुतिकाला चिडवायचा, की तुझ्या अंगात रक्त नाही, सगळं तुझ्या माठाने प्यायलं. ती त्याला म्हणायची, "तुझ्या पानांना भोकं पडलीत, ती बघ आधी." पण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती पाणी घालायची. माझ्या खिडकीतून तिची फक्त वेणी आणि बादली दिसायची.

सप्टेंबरच्या मध्यावर माठ वीतभर झाला. एका सकाळी श्रुतिका बाईंना म्हणाली, "बाई, एक जुडी घरी नेऊ? आई लसूण घालून करेल. मी खाईन."

बाईंनी ज्या वाक्यासाठी सगळा खटाटोप केला होता, ते हेच. आणि बाई नाही म्हणाल्या.

मरोळच्या गावठाणात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नवं पीक चर्चमध्ये नेऊन त्यावर आशीर्वाद घ्यायचा, मगच ते खायचं. शेती गेली तरी सण राहिला. लोंब्या आता उत्तनहून आणतात. बाईंच्या घरी त्याआधी नव्याला कुणी तोंड लावत नाही. गेल्या वर्षी मिस्किटांच्या घरात कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने पिकवलेलं काहीतरी होतं. प्रत्येक वाफ्यातली एक जुडी परडीत घालून न्यायची, असं त्यांनी मनात धरलं होतं. त्या म्हणाल्या, "आगेराच्या आधी नको गं. देवाला दाखवल्याशिवाय नवं खात नाहीत."

कुणालाच हे वावगं वाटलं नाही. अर्ध्याअधिक मुलांची गावं कोकणातली. तिथेही नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधल्याशिवाय नवं खात नाहीत. मुलांनी माना डोलावल्या. श्रुतिकानेही.

भाताला थांबता येतं, पाल्याला नाही. मधल्या आठवड्यांत ऊन तापलं. माठाचे दांडे जाड झाले, शेंड्याला तुरे आले. बाईंना ते दिसत होतं, पण रविवार जवळ आला होता. आगेरा झाला आणि सोमवारी प्रत्येक मुलाला आपापली जुडी मिळाली.

बुधवारी मालनताई शाळेत आली. कामावरून तशीच, पदर खोचलेला. भांडायला आली नव्हती. बाईंना व्हरांड्यात गाठून म्हणाली, "बाई, ती स्वतःहून मागत होती. त्या दिवशी शाळेला निघताना मला म्हणाली, आई, आज बाईंकडे भाजी मागणार आहे. मी लसूण सोलून ठेवलेला."

बाईंनी हातातल्या वह्या कठड्यावर ठेवल्या.

"काल केली. नुसता चोथा. थुंकली ती. आता लाल काही दिसलं तरी ताट सरकवते."

श्रुतिका त्यानंतर वाफ्यावर आली नाही. दिवाळीच्या आधी ती वर्गात चक्कर येऊन पडली, आणि तिला दवाखान्यात ठेवून रक्त द्यावं लागलं.

बाईंनी वाफे पुन्हा खणले. सुट्टीतही त्या मरोळहून यायच्या, पाणी घालून जायच्या. या वेळी मुलांना काही शिकवणं नव्हतं. माठ बोटभर उंचीचा झाला, तेव्हाच त्यांनी तो उपटला आणि संध्याकाळी चढ चढून मालनताईच्या खोलीवर गेल्या. श्रुतिका भिंतीला टेकून बसली होती. जुडी बघून तिने तोंड फिरवलं.

मालनताईने भाजी केली. बाईंनी आपल्यासाठी भाकरी मागून घेतली आणि खायला बसल्या. पोरीला कुणी बोलावलं नाही. बाईंची भाकरी अर्धी झाली, तेव्हा ती सरकत जवळ आली. बाईंच्या ताटातून चिमूटभर भाजी उचलली, चावली.

"ही कडक नाय," ती म्हणाली.

बाईंच्या ओठांवर लोह, रक्त, सगळा धडा आला होता. त्यांनी तो गिळला आणि ताट दोघींच्या मध्ये सरकवलं. पोरीने चार घास खाल्ले. पाचवा नको म्हणाली.

आता वाफ्यात पान कोवळं असतानाच ज्याला हवं तो तोडून नेतो. यंदा आगेराला बाईंच्या परडीत उत्तनच्या लोंब्या तेवढ्या होत्या. श्रुतिका चौथीत गेली आहे. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, रक्त थोडं वाढलंय, पण अजून बरंच कमी आहे. बाई त्या वेळी तिच्या मागे उभ्या होत्या. तपासणी संपेपर्यंत त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.