विमानाला एक पातळ हात

कामरगावात ज्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर कमळं दिसतात ती जगदेवची. मागच्या फळीवर, खाली उजव्या कोपऱ्यात ‘जगदेव पेंटर, कामरगाव’ असं लिहिल्याशिवाय त्याने तीस वर्षांत एकही काम सोडलेलं नाही. मी त्याचा शेजारी. माझ्या घराच्या फाटकावरही त्याचंच नाव आहे, माझं नाही.

त्याची मुलगी वर्षाराणी कारंज्याला कॉलेजात जाते. तिने सावरीच्या हलक्या लाकडाचं हातभर विमान केलं, रबर पिळलं की पंखा फिरून उडणारं. कोरंच असताना ते साठ पावलं गेलं. शनिवारी कारंज्यात अशा विमानांची स्पर्धा होती. दमट हवेत लाकूड फुगू नये म्हणून रंग लावणं भाग होतं, आणि पेंटर घरातच होता.

जगदेवने जीव ओतला. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर ऑइलपेंटचे तीन, पंखांवर कमळं, शेपटीवर स्वतःचं नाव. ट्रॉलीला हेच लागतं, त्याने गंज धरत नाही. लाकडाला मुळात गंज चढत नाही, हे या शहाण्याला सुचलं नाही. मी शेजारी बसून कौतुक करत होतो, मलाही नाही. गुरुवारी सकाळी विमान सोडलं, तर चार पावलांवर नाकावर आपटलं.

वर्षाराणीने नाकाची माती पुसून विमान त्याच्या हातात दिलं आणि ती कॉलेजला गेली. तेच त्याला जास्त लागलं.

त्याची बायको सोजरबाई बाजारात भाजी विकते. तिने विमान आपल्या तराजूत टाकलं. “हे त अर्धा पाव भरून राह्यलं. कोरं होतं तवा याच्या निम्मं होतं.”

“पोरीचं विमान मीच बुडवलं,” जगदेव म्हणाला, आणि काचपेपर घेऊन बसला. दिवसभरात कमळं गेली, नाव गेलं, खालचा लाल थरही गेला. मग तो आपल्या डब्यांसमोर बसून राहिला. रेड ऑक्साइड जड. भिंतीचा प्रायमर पाण्याचा, त्याने लाकूड फुगेल. शेवटी सुताराकडचा सीलर आणून त्यात दुप्पट थिनर ओतलं. लाकडाची छिद्रं बुजवायला काहीतरी बारीक हवं होतं, म्हणून त्यात मिसळायला सोजरबाईचा पावडरचा डबा उचलला.

“माहा डबा कायले नेता?”

“विमानाच्या तोंडाले लावाले.”

एकच हात दिला, आणि वाळल्यावर तोही इतका घासला की लाकूड पुन्हा दिसू लागलं. सोयाबीनमध्ये पडलं तर सापडावं म्हणून शेपटीला तेवढा केशरी रंग, फुंकर मारावी इतका. सवयीने बारीक ब्रश हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. “नावाले बी वजन असते,” मला म्हणाला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

शनिवारी विमान अख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या कडुलिंबाला अडकलं. नंबर दुसरा आला. लोक विमान हातात घेऊन पाहत होते, आणि जगदेव मागे, माझ्या आडोशाला उभा होता. याला रंग कोणी दिला, असं विचारण्यासारखं त्यावर काही दिसतच नव्हतं.

वर्षाराणीने त्याला पुढे बोलावलं आणि विमान उलटं केलं. पंखाखाली, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: जगदेव पेंटर, कामरगाव.

“अवं, वजन,” तो कसाबसा म्हणाला.

“आईच्या तराजूत जोखून पाह्यलं, बाबा. काटा हालला नाही.”