पारसशेठ आणि पळणारे कॉम्प्युटर

पारसशेठ कुणाच्याही घरी किंवा कचेरीत गेले की पाणी प्यायच्या आधी विचारायचे, "कॉम्प्युटर कुठाय?" तो दिसला की खुर्ची ओढून समोर बसायचे. मालकाला वाटायचं, पाहुणा आहे, बघू दे. पण शेठ नुसते बघायचे नाहीत. भराभर एकामागून एक चौकटी उघडायच्या, कुठली खूण काढायची, कुठली लावायची, कुठे आकडा बदलायचा, आणि मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा. तो सुरू होताना मालकाकडे वळून ते म्हणायचे, "आता बघा. मशीनला श्वास घेऊ द्या, राव. तुमी त्याचा गळा धरून बसला व्हता."

आणि सगळ्यांनाच कॉम्प्युटर पळताना दिसायचा.

नारायणगावात त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि मी तिथे शिकवायला होते. त्यांचं घराणं कापडाचं. आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी पेठेत दुकान वाढवलं, दोघे थोरले भाऊ गादीवर बसले. धाकट्या पारसला मीटर नीट धरता येत नाही, असं घरात हसत सांगितलं जायचं. त्यांच्या आईनेही ते मला पहिल्याच भेटीत सांगितलं, शेठ समोर असताना. शेठनीही हसल्यासारखं केलं होतं.

कॉम्प्युटरने त्यांना तालुक्यात मान मिळवून दिला. पुण्याहून मासिकं आणायची, त्यातल्या युक्त्या वाचायच्या आणि लोकांच्या मशीनवर करायच्या, हा त्यांचा छंद. कामाचे पैसे ते घेत नसत. कुणी टोमॅटोची पाटी आणून दिली तरी क्लासमध्ये वाटून टाकत. त्यांना हवं असायचं ते वेगळंच. ओतूरपासून मंचरपर्यंत कुठेही गाडी थांबवली की कुणीतरी आतून उठून यावं आणि म्हणावं, "शेठ, तुमी हात लावला तवापासनं लई पळतोय." हे ऐकलं की ते मान खाली घालून चष्मा पुसायचे. त्यांचा आनंद तेवढाच दिसायचा.

पिंपळवंडीत दत्ता नावाचा फोटोग्राफर होता. त्या सुमारास सगळे रिळाचे कॅमेरे सोडून डिजिटलकडे वळत होते. दत्तानेही नवा कॅमेरा घेतला होता, आणि फोटो उतरवायला एक जुना कॉम्प्युटर. फोटो कॉपी व्हायला फार वेळ लागतो म्हणून त्याने शेठना बोलावलं. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते, कारण पुढे आळेफाट्याला आम्हाला एका शाळेत जायचं होतं.

शेठनी त्याच्या हार्ड डिस्कच्या सेटिंगमध्ये एक खूण केली. ही खूण केली की कॉम्प्युटर फोटो आधी आपल्या तात्पुरत्या आठवणीत ठेवतो आणि "कॉपी झालं" असं सांगून मोकळा होतो. डिस्कवर खरोखर लिहिण्याचं काम मागाहून करत राहतो. खूण करताना पडद्यावर एक सूचना आली होती, की मध्येच वीज गेली तर माहिती जाऊ शकते. मी ती वाचून दाखवली. शेठ म्हणाले, "मॅडम, असल्या सूचना वकील लिहितात. त्या वाचत बसलो तर चहासुद्धा पिता यायचा नाय." आणि त्यांनी 'ओके' केलं. दत्ता खूश झाला. आम्हाला पोहे खाऊ घातल्याशिवाय त्याने सोडलं नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे लोडशेडिंग चालायचं. वीज वेळापत्रकाप्रमाणे जायची आणि वेळापत्रकाबाहेरही जायची. वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या दत्ताच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती.

उन्हाळ्यात त्याच गावातल्या बबनरावांच्या रोहिणीचं लग्न झालं. लग्न खरं तर दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. पण बबनरावांच्या पोटात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा तारीख अलीकडे ओढली. लग्नाच्या दिवशी बबनराव अंथरुणातून उठले, फेटा बांधला आणि मांडवात उभे राहिले. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, की अक्षता पडेपर्यंत त्यांनी कुणाला दंड धरू दिला नाही.

लग्नाचे फोटो दत्ताने काढले होते, आणि ते सगळे गेले. त्याने घरी येऊन कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. "कॉपी झालं" दिसताच त्याने कार्डावरचे फोटो पुसून टाकले आणि तशीच वीज गेली. फोटो उतरलेत म्हणून तो निवांत होता. त्याच कार्डावर त्याने संध्याकाळी एका साखरपुड्याचे फोटो काढले. परत येऊन कॉम्प्युटर लावला तर लग्नाचं फोल्डर उघडेना. कुणाकुणाला दाखवलं, काही निघालं नाही.

तो क्लासमध्ये आला तेव्हा शेठना दोष द्यायला आला नव्हता. त्याला वाटत होतं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. गावात लोक त्याला तोंडावर बोलत होते आणि तो ऐकून घेत होता. "शेठ, तुमी एवढं चांगलं करून दिलं व्हतं, मीच माती केली," असं म्हणून तो बाकावर बसला आणि रडला. शेठ त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मीच दिलं.

दत्ता गेल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, ते मी केलंय." मी म्हटलं, कुणाला कळणार आहे, आणि सांगून फोटो थोडेच परत येणार आहेत. ते क्लास बंद करून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चला माझ्यासंगं. एकट्याचे पाय उचलंनात."

आधी आम्ही दत्ताकडे गेलो. शेठनी त्याला ती खूण दाखवली आणि ती काय करते ते समजावून सांगितलं. दत्ताला अर्धं कळलं, पण आपली चूक नव्हती एवढं पक्कं कळलं. तो नुसता म्हणाला, "मग आता तिकडं बी चला." आणि तो आम्हाला बबनरावांच्या घरी घेऊन गेला.

बबनराव ओसरीत कॉटवर टेकून बसले होते. अंगावर शाल, हात वाळलेले. रोहिणी सासरी होती. तिची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. शेठनी बसायला नकार दिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मी इतकी वर्षं त्यांना लोकांसमोर बोलताना ऐकलं होतं, पण त्यांना असं अडखळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "दत्ताला बोलू नका. बोलायचं ते मला बोला."

बबनरावांनी शाल सावरून घेतली. मग त्यांनी विचारलं, "पण त्यानं मशीन पळाया लागलं व्हतं का?"

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. माणूस खरंच विचारत होता, की एवढं गमावलं तर बदल्यात काही मिळालं तरी होतं का. शेठनी दत्ताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठाऊक नाय, बाबा. मी कधी मोजलंच नाय."

"बरं," बबनराव म्हणाले, आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.  शेठनी तो उभ्यानेच घेतला.

परत आल्यावर शेठनी शाळेच्या खेळाच्या सरांकडून स्टॉपवॉच मागून आणलं. क्लासमध्ये एकसारखे दोन कॉम्प्युटर होते. एकाला त्यांच्या सगळ्या युक्त्या केल्या, दुसऱ्याला काहीच नाही. सुरू व्हायला किती वेळ, मोठी फाइल उघडायला किती, कॉपी करायला किती, असं घड्याळ लावून आम्ही दोघं तपासत बसलो. मुलांना सुट्टी देऊन टाकली होती. फारसा फरक निघाला नाही. चौकटी एरवी सरकत उघडायच्या त्या युक्त्यांनंतर पटकन उघडत, म्हणून डोळ्याला वेग वाटे. काम तेवढ्याच वेळात होई. एक युक्ती तर उलट वेळ वाढवत होती. सुरू होताना आपोआप चालू होणारे नको ते प्रोग्रॅम काढले तर थोडं बरं होतं, आणि मेमरी वाढवली तर खरोखर पळत होतं. बाकी सगळं नुसतं वाटणं होतं.

शेठ घड्याळ हातात धरून म्हणाले, "मॅडम, लोक मला उगाच नमस्कार करीत व्हते."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते पाहताना मला त्यांच्यापेक्षा जास्त लाज वाटायची. जिथे जिथे हात लावला होता तिथे ते परत गेले आणि सेटिंग पूर्ववत करून, का करतोय ते सांगू लागले. लोकांना ते नको होतं. एका पतपेढीतले क्लार्क म्हणाले, चांगलं चाललंय ते बिघडवू नका. शेठनी तरी बदललं. आठवड्याने त्याच क्लार्कने भर बाजारात त्यांना थांबवलं आणि कॉम्प्युटर पार रेंगाळतोय म्हणून चारचौघांत सुनावलं. शेठ खालमानेने म्हणाले, "रेंगाळत नाय हो. पयल्यासारखाच हाय. मी हात लावला व्हता तवा बी पळत नव्हता." लोक हसले. तिथून हाकेवर असलेल्या कापडाच्या दुकानातून थोरले भाऊ हे सगळं पाहत होते. संध्याकाळी त्यांनी शेठना उद्यापासून गादीवर ये म्हणून सांगितल्याचं मला नंतर कळलं. ते गेले नाहीत.

क्लासमध्येही त्यांनी मुलांपुढे उभं राहून सांगितलं, की मी तुम्हाला शिकवलेल्यातलं बरंच काही मी स्वतः तपासलेलं नव्हतं. काही पालकांनी फी भरलेली मुलं काढून घेतली. दत्ताला आणि बबनरावांना सांगून तिथेच थांबता आलं नसतं का, असं मी म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "थांबलो असतो तर दुसऱ्याच्या घरात तसंच राहिलं असतं ना ते."

त्याच दिवसांत दत्ता आणि शेठ लग्नाला आलेल्या पाहुण्यांकडे फिरले. कुणाच्या साध्या कॅमेऱ्यात काही निघतंय का बघायला. राजुरीच्या एका मावशीकडे बबनरावांचा एकच फोटो सापडला. फेटा पूर्ण दिसतो, चेहरा बाजूने, आणि पुढे कुणाचा तरी कोपर. दत्ताने तो मोठा करून दिला. बबनरावांनी तो पाहिला आणि श्रावणात ते गेले.

दोन-एक वर्षांनी एक तरुण बाई क्लासमध्ये नाव घालायला आली. शेठनी नाव विचारलं, माहेर विचारलं, आणि पिंपळवंडीच्या बबनरावांची रोहिणी म्हटल्यावर उभेच राहिले. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मला टायपिंग आन् बाकीचं शिकायचंय. तुमच्याकडंच शिकायचंय, सर." शेठनी माझ्या वर्गात तिचं नाव घातलं. ती हट्टाने त्यांच्याच तासाला येऊन बसायची. शेठ सगळं व्यवस्थित शिकवत, पण फळ्याकडे बघून. तिच्या शंकेचं उत्तरसुद्धा फळ्याला देत. ती त्या फोटोंबद्दल कधी काही बोलली नाही. कोर्स संपला, पेढे देऊन गेली.

पुढे गावात नवी दुकानं निघाली, कॉम्प्युटर दुप्पट वेगवान करून मिळेल अशा पाट्या लागल्या. शेठकडे कुणी तसल्या कामाला आलं तर ते आधी विचारायचे, "माहितीची दुसरी प्रत ठेवलीय का?" आणि मग सांगायचे, "पळायचा नाय हां हा. मेमरी टाका, नायतर असाच वापरा." बरेच जण उठून समोरच्या दुकानात जायचे. शेठ त्यांना दारापर्यंत पोचवायला जायचे.

शेठ गेले ते झोपेतच गेले. उठावण्याच्या शोकसभेला रोहिणी सासरहून आली होती. आता तिचं स्वतःचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बायकांच्या रांगेत ती माझ्या शेजारी बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, माझा त्यांच्यावर राग नव्हता. कधीच. पण मी त्यांना तसं कधी बोलले नाय. मी रोज त्यांच्यासमोर बसायचे, वाटायचं उद्या बोलू." तिने पदर तोंडाला लावला. "त्यांना कळलं असंल ना पण?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि ती त्यासाठीच विचारत होती. पण मला ते ठाऊक नव्हतं. मी फक्त तिचा हात धरला.