साकळलेलं दूध

बाळंतपणाला माहेरी आले होते. अकराव्या दिवशी डाव्या छातीत दूध साकळलं, लिंबाएवढी गाठ झाली आणि ताप भरला. आई गरम फडक्याने शेकायची, मग काखेकडून खाली हळूहळू बोटं फिरवायची. गाठ कुठून सुटणार, हे त्या बोटांना आधीच ठाऊक होतं.

"माझ्या वेळी तुलाही असंच झालेलं?" मी विचारलं.

"तुझ्या वेळी नाही गं. तुझ्या आधीच्याच्या वेळी." बोटं थांबली नाहीत. "चार दिवसांचा होऊन गेला. दुधाला कुठं कळतं? ते येतच राहिलं."

माझ्या आधी कुणी होतं, हे मला आज कळत होतं. तीस वर्षं आईने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. बोटांना मात्र काहीच विसरता आलं नव्हतं.

गाठ सुटली. पिळलेलं दूध मोरीत ओतायचं नाही, मुंग्या लागल्या तर दूध आटतं म्हणतात. आई वाटी घेऊन परसातल्या जास्वंदीपाशी गेली. त्या झाडाचं फूल तोडलं म्हणून लहानपणी मी मार खाल्ला होता. खिडकीतून पाहिलं, तर मुळाशी दूध घालून झाल्यावरही ती वाकलेलीच होती. खालच्या एका पानावर थेंब उडाला होता. बाळाचं तोंड पुसावं तसं तिने ते पान पदराने पुसलं.