वरचं पान

झाडं मागणाऱ्यांशी मी कधी गोड बोलले नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवलं, त्याचा परिणाम असेल. चुकीची गोष्ट दिसली की मला गप्प बसवत नाही. ह्यांच्या मते मला बरोबर गोष्ट दिसली तरी गप्प बसवत नाही.

माझं वेड म्हणजे आफ्रिकन व्हायोलेट. खिडकीत मावणारं छोटंसं झाड, जाडसर लवदार पानं आणि मधोमध फुलांचा झुबका. ह्याची गंमत अशी की एक पान देठासकट तोडून ओलसर मातीत खोचलं की दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी बारकी पिल्लं फुटतात. पान म्हणजेच झाड. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली आम्ही तीसेक माणसं एकमेकांना पानं पाठवतो, तीही पोस्टाने. लोक विचारतात, अहो, डोंबिवली ती केवढीशी लांब, जाऊन का आणत नाही? कसं सांगू. माणूस घरी आला की पोहे करावे लागतात, बसून दीड तास बोलावं लागतं. पाकिटाचं तसं काही नसतं.

पॅकिंगचं मात्र शास्त्र आहे. देठाला ओला कापूस, कापसावर पातळ प्लास्टिक, आणि पान एकदम कोरडं. पानाला पाणी लागलं की ते वाटेतच कुजतं आणि पलीकडे काळा चिखल पोहोचतो. मग मिठाईचा रिकामा खोका, त्यात कागदाचे बोळे, आणि प्रत्येक देठाला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर जातीचं नाव. हे सगळं मी करते. खोका बंद करणं, पत्ता घालणं आणि नौपाड्यातल्या पोस्टात नेऊन देणं हे काम ह्यांचं. हे ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले, अक्षर छापल्यासारखं.

आमच्यात एक रीत आहे. मागितलेल्या पानांबरोबर एक पान जास्तीचं टाकायचं, भाजीवाली मेथीच्या जुडीवर चार मिरच्या टाकते तसं. त्याला आम्ही वरचं पान म्हणतो. त्यावर नावाची पट्टी लावायची नाही. पाठवणाऱ्याने सांगायचं नाही, घेणाऱ्याने विचारायचं नाही. वर्षभराने फूल येईल तेव्हा काय ते कळेल. ही रीत कोणी सुरू केली माहीत नाही, पण ती कोणी मोडत नाही.

मी मोडली.

त्याचं असं झालं. माझ्याकडे एक व्हायोलेट होतं, जे जगात कुणाकडे नव्हतं. बढाई मारत नाही. दोन झाडांचा संकर मी स्वतः केला होता, टूथपिकने पराग लावून. त्या बियांतून चाळीसेक रोपं झाली, त्यातलं हे एक. पिकल्या जांभळाचा रंग आणि पाकळीच्या कडेला फिकट हिरवी झालर. त्याचं नावच आम्ही जांभूळ ठेवलं. फोटो टाकला त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता कल्ला झाला. सगळ्यांनी पान मागितलं आणि मी सगळ्यांना नाही म्हटलं. झाड अजून लहान आहे, जरा स्थिरावू दे, अशी कारणं देत राहिले. खरं कारण एवढंच की ते फक्त माझ्याकडे होतं आणि मला ते फार आवडत होतं.

बाकीचे दमले, पण डोंबिवलीची एक मुलगी दमेना. मुलगी म्हणजे असेल चाळिशीची, मला काकू म्हणायची. ग्रुपवर नवीन होती. मी पाठवलेली दोन पानं तिने पाणी घालघालून मारली होती. दिवाळीनंतर तिने तिसऱ्यांदा लिहिलं, "काकू, जांभळाचं एकच पान मिळेल का? अगदी छोटं चालेल." माझी सटकली. मी सगळ्यांसमोर लिहिलं, "आधी साधा निळा जगवून दाखव. झाडं मारणाऱ्या हातात मी जांभूळ देणार नाही."

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, "ओके काकू," आणि पुढे जोडलेले हात. मी ते ह्यांना वाचून दाखवलं. कसं सरळ केलं, ह्या सुरात. हे पेपर वाचत होते. "फार बोललीस," एवढंच म्हणाले. मग मी साध्या निळ्याचं एक पान बांधायला घेतलं. वरचं पान टाकलं नाही. ह्यांनी खोक्यात डोकावून विचारलंसुद्धा, "अगं, एकच?" म्हटलं, "तेवढं जगलं तरी पुष्कळ." त्यांनी खोका उचलला.

पुढच्या पावसाळ्यात लेकीचं बाळंतपण पुण्यात करायचं ठरलं. मी दोन महिने तिकडे. जाताना ह्यांना कागदावर सगळं लिहून दिलं होतं. पाणी खालच्या ट्रेमध्ये, आठवड्यातून एकदा, माती सुकली असेल तरच. ह्यांनी पहिला आठवडा तसं केलं. मग त्यांना त्या कोरड्या मातीची दया आली. रोज सकाळी, पूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी ते झाडांच्या डोक्यावर घालू लागले. वर फोनवर मला सांगायचे, "मजेत आहेत सगळी."

परत आले तेव्हा जांभळाच्या, मूळ झाड आणि त्याच्या पानांवरून मी वाढवलेली दोन अशा, तिन्ही कुंड्या एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी सडलेल्या होत्या. मधला गाभा बोट लावताच हातात आला. लावण्यासारखं एक धड पान सापडतंय का म्हणून सगळी चाचपली, सगळी पिचपिचीत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. झाडासाठी रडताना कुणी पाहिलं तर लाज वाटते, म्हणून नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन ह्यांना जे बोलले ते लिहीत नाही.

चार दिवस आमच्यात फक्त "जेवायला वाढलंय" एवढंच बोलणं होतं. पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना हे कपात बघत म्हणाले, "डोंबिवलीला एक आहे बहुतेक."

"काय आहे?"

"जांभूळ."

मला आधी अर्थच लागेना. मग त्यांनी सांगितलं. साध्या निळ्याचं ते पाकीट बंद करताना त्यांनी जांभळाचं एक पान तोडून आत टाकलं होतं. वरचं पान म्हणून, पट्टी न लावता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

"मला न विचारता तुम्ही माझ्या झाडाचं पान तोडलंत?"

"अगदी खालचं होतं गं. खालची तू नाहीतरी काढून टाकतेस."

ते खरं होतं. झाडाचा आकार नीट राहावा म्हणून दर पंधरा दिवसांनी मी खालची दोन-तीन पानं खुडायची. चांगली, ताठ पानं. ती मी कचऱ्याच्या डब्यात टाकायची. त्या मुलीला तीनदा नाही म्हटलं त्या सगळ्या महिन्यांत मी जांभळाची पानं डब्यात टाकत होते, आणि हे समोर बसून ते बघत होते.

फोन करायला मला दोन दिवस लागले. तिने उचलला आणि माझं नाव ऐकून गडबडली. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. माझी जांभळं मेली, तुझ्याकडे काही आहे का, एवढंच विचारलं.

"आहे काकू," ती म्हणाली. "तीन पिल्लं आली होती. दोन गेली माझ्या हातून, एक आहे. गणपतीत फुललं."

"मग ग्रुपवर फोटो नाही टाकलास?"

"कसा टाकणार? तुम्ही गुपचूप दिलेलं. मी बोभाटा केला असता तर बाकीचे तुमच्या मागे लागले असते." मग म्हणाली, "खरं सांगू का काकू, तुम्ही ग्रुपवर तसं लिहिलंत तेव्हा मी खूप रडले. ग्रुप सोडणारच होते. मग पाकीट उघडलं तर आत दोन पानं. म्हटलं, काकू तोंडाने फटकळ आहेत, पण मनात काही नाही त्यांच्या. आणि फूल आल्यावर तर काय, कळलंच मला. मिस्टरांनाही सांगितलं, बघा, काकूंनी काय दिलं."

मी नुसतं "हं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एक अक्षर. तिने आनंदाने पान पाठवलं असतं आणि मी तिच्या मनात चांगली राहिले असते. हे बाहेर पेपर चाळत होते, त्यांनीही कधी काही म्हटलं नसतं. मी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला.

"मी नाही दिलं ते," मी म्हटलं. "ह्यांनी टाकलं, मला न सांगता. मला कळलं असतं तर मी ते पाकिटातून काढून घेतलं असतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता फोन ठेवणार. ठेवला असता तरी मला राग आला नसता.

"पाठवते काकू," ती शेवटी म्हणाली. आवाज मघासारखा नव्हता. "पण काकांच्या नावाने पाठवते. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी पोस्टमन आला. हे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. चपलांचा खोका, हलका, वर तिच्या अक्षरात ह्यांचं नाव आणि आमचा पत्ता. माझं नाव कुठेच नाही. एरवी आलेलं पाकीट मी दारातच फाडते, कात्री शोधायलाही थांबत नाही. आत पान किती वेळ बंद आहे, कापूस सुकला असेल का, देठ मोडला असेल का, सगळं मनात येत होतं. खोका मी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि समोर खुर्चीत बसले. दोन तास बसले. हात लावला नाही.

हे आले, गालाला रुमाल धरून. खोक्यावरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. "मला?" अर्धवट सुन्न तोंडाने त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी सावकाश, पट्टी धरून रेघ मारावी तसा खोका कापला. आत एकच पान होतं, हिरवंगार, कोरडं, ताठ. इतकं नीट बांधलेलं की मलाही त्यात चूक सापडली नाही.

त्यांनी ते उचलून माझ्यापुढे धरलं.

"नको," मी म्हटलं. "तुमचं आहे ते." आणि मग, गेल्या कित्येक वर्षांत ह्यांच्याकडे काही मागितलं नसेल तशा आवाजात विचारलं, "पुढे पिल्लं आली, तर मला एक द्याल?"